पाच दवाखान्यांची एक स्क्रीन

११ ऑगस्ट

बायकोचं, नीलमचं म्हणणं, माणसांवर खेकसण्यापेक्षा कागदावर खेकसा, कागदाला त्रास होत नाही. म्हणून ही डायरी. औषध कंपनीनं फुकट वाटलेली आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी ॲसिडिटीच्या गोळीची जाहिरात.

आज पुण्याहून ती मुलगी आली. अर्पिता. मूळची मानवतची. आमच्या ट्रस्टचे पाच दवाखाने आहेत, परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड आणि सोनपेठ. त्या सगळ्यांचे पेशंटचे कागद, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा, एक्स-रे, सगळं परभणीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीतल्या मशिनींवर चालतं. ती खोली मी सांभाळतो. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करतो आणि सांभाळतो. या बाईंना आता त्यासाठी नवी स्क्रीन बनवायची आहे, कुणालाही बघून कळेल अशी.

व्यवस्थापक व्यंकटरावांनी ओळख करून दिली. "हे आमचे सिद्धोधन. सगळं यांच्या डोक्यात हाय. तेवढं बाहेर काढा आन् स्क्रीनवर ठेवा."

सरकीतून तेल काढायचं असावं तसं बोलला माणूस. मशिनी चालू असल्या की मी 'अरे सिद्धोधन', बंद पडल्या की 'सिद्धोधन साहेब'. इतक्या वर्षांत मी साहेब झालो तो मशिनी बंद असताना.

१३ ऑगस्ट

ती माझ्या मागं खुर्ची टाकून बसते आणि बघते. कामच ते म्हणे. मान अवघडते माझी.

"सर, काम करताना मनात जे येतं ते मोठ्यानं बोला ना."

मी म्हणालो, मनात जे येतंय ते बोललो तर तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जाल.

हसली. वही काढली. फोनवर दिवसाला तीनेकशे धोक्याचे मेसेज येतात, ते मी न वाचता पुसून टाकतो, हे तिनं पाहिलं. "मग खरा कोणता, ते कसं कळतं?"

"कळतं."

तिनं वहीत 'कळतं' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. शिसारी आली मला त्या रेघेची.

१७ ऑगस्ट

रविवार. सोनपेठला गेलो होतो. नीलम तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, लेक तिच्याजवळच असते. मी इथं, मशिनींजवळ. लेकीला चप्पल घ्यायला बाजारात निघणार, तेवढ्यात बबिताचा फोन. गंगाखेडला औषधांचं काउंटर उघडत नाही.

बबिता माझ्या हाताखाली आहे. पोरगी कष्टाळू, पण हात थरथरतात. प्रिंटर आणि पासवर्ड एवढंच दिलंय तिला. म्हणाली, "सर, तुमी फक्त सांगा, मी करते." मी म्हणालो, कशाला हात लावू नको. परभणीची पुढची एसटी पकडली. काम दोन मिनिटांचं निघालं.

निघताना नीलम म्हणाली, "इथल्या दवाखान्यातबी कॉम्प्युटर हायतच की." मी म्हणालो, चार आहेत. चार कॉम्प्युटरला काय माणूस लागतो. तिनं डबा माझ्या पिशवीत घातला. लेक खोलीतून बाहेर आली नाही, अभ्यास करत असेल.

२६ ऑगस्ट

आज तर कहर. अर्पितानं पुठ्ठ्यावर स्क्रीन काढून आणल्या, पेनानं. बबिताला समोर बसवून सांगितलं, समज ही खरी स्क्रीन आहे, आता सोनपेठच्या लॅबचं बंद पडलंय, काय करशील? आणि ती पुठ्ठ्यावर बोट दाबत बसली. दवाखान्यात माणसं मरणाशी झगडतात आणि तळमजल्यावर दोन बाया भातुकली खेळतात.

मशिनींना मी नंबर दिलेत. ते पुठ्ठ्यावर कुठंच नाहीत. त्याऐवजी काय, तर 'सोनपेठ: लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसत नाहीत.' मी विचारलं, मशीन कोणती?

"ती खाली आहे, बोट लावलं की दिसेल. आधी कुणाचं काय अडलं ते. मग कोणती मशीन."

पुढं म्हणाली, "एक मशीन पडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चाळीस ओरडतात. आपल्याला ओरडणाऱ्या दाखवायच्या नाहीत. पडलेली दाखवायची."

हे मला फार आधीपासून माहीत आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ही आली आणि दोन आठवड्यांत पुठ्ठ्यावर काढून मोकळी झाली.

दुपारी व्यंकटराव आले. त्यांना मधोमध मोठा हिरवा गोल पाहिजे. "विश्वस्त आले की हिरवं दिसलं पायजे. नव्व्याण्णव टक्के, असं कायतरी."

अर्पिता म्हणाली, "नव्व्याण्णव टक्के हिरवं असताना एका दवाखान्याचे रक्ताचे रिपोर्ट बंद असू शकतात. तो गोल मी काढणार नाही."

व्यंकटरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. घटकाभर मला ती पोरगी बरी वाटली. मग तिनं बबिताला माझ्या खुर्चीवर बसवून स्क्रीन किती उंचीवर पाहिजे ते मोजलं, आणि पुन्हा किळस आली.

४ सप्टेंबर

स्क्रीन आता कॉम्प्युटरवर आलीय. फिकट रंग, मोठी अक्षरं, मराठीत. अर्पिताचा एक हट्ट आहे. कोणतंही बटण दाबायच्या आधी स्क्रीननं सांगायचं की यानं काय काय थांबेल, कोणत्या दवाखान्यात, किती वेळ. त्यासाठी ती माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेते. पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं.

आज लॅबवर आली. "लॅबची सेवा पुन्हा सुरू करायची असेल तर त्याआधी काही करावं लागतं का?"

"नाही," मी म्हणालो.

करावं लागतं. लॅबच्या मशीनमधून निघालेले रिपोर्ट आधी एका रांगेत उभे राहतात. ती रांग दुसऱ्या मशीनवर आहे. ती आधी थांबवली नाही आणि लॅबची सेवा तशीच पुन्हा सुरू केली, तर रांगेतले सगळे रिपोर्ट गळून पडतात. मग पाचही दवाखान्यांत पुन्हा सुया टोचा, पुन्हा रक्त घ्या.

नाही का म्हणालो? एवढं तरी माझ्याकडं राहू द्या. सगळंच नेणार का?

बबिता समोर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिला काय कळतंय म्हणा.

१७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, लगेच स्क्रीनचं उद्घाटन. नारळ, पेढे, हार. भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय. व्यंकटरावांनी भाषण केलं. "आता इथं कुणी माणूस नसला तरी चालतंय. स्क्रीनच सगळं सांगती."

टाळ्या. माणसांनीच वाजवल्या.

अर्पिता कोपऱ्यात कपाळ चोळत उभी होती. शेजारी उभा राहिलो तर पुटपुटली, "मी असं कवाच म्हणले न्हवते." रागात आली की मानवत बाहेर येतं तिचं. मी पेढा खाल्ला नाही.

२ ऑक्टोबर

तीन दिवस ताप. डेंग्यू निघाला. आमच्याच दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. वास, डास, शेजारच्याचं खोकणं. ज्या नळाचं पाणी मी इतकी वर्षं प्यायलो नाही ते पाणी पितोय.

शेजारच्या खाटेवर पोखर्णीच्या कस्तुराबाई. अंगात रक्त नाही म्हणून आणलंय. हात काळेनिळे, शीर सापडत नाही कुणाला. लेक आश्रुबा उशाशी बसून असतो.

"बाबा, तुमी काय करता?" तिनं विचारलं.

"इथंच असतो. खाली मशिनी आहेत."

"सुया टोचायच्या?"

"नाही."

"बरं हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

७ ऑक्टोबर

ताप उतरला. आता लिहितो. न लिहून चालणार नाही.

परवा सकाळी सिस्टर आली, म्हणाली रिपोर्ट येईनात. लॅबमध्ये तपासणी झालेली, पण वॉर्डात काही दिसत नाही. थोड्या वेळानं खुद्द व्यंकटराव वॉर्डात. इतक्या दिवसांत फिरकले नव्हते. हातात सफरचंदं. "सिद्धोधन साहेब, कसं वाटायलंय आता?"

मला बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच घाण वाटते, पण वाटलं. अंगात ताप फणफणलेला, तोंड कडू, आणि आत गुळाचा खडा विरघळावा तसं. टीव्ही लावला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि शेवटी आलात ना माझ्या खाटेपाशी. उशीवर डोकं ठेवून मी मजेत पडून राहिलो. मुद्दाम कण्हलो.

आश्रुबा सिस्टरला विचारत होता, "आईला रक्त कवा चढवणार?"

"रिपोर्ट बघितल्याबिगर डॉक्टर न्हाई म्हणायलेत. आज सकाळचाच पायजे."

मग लॅबचा माणूस ट्रे घेऊन आला. सकाळचे रिपोर्ट मिळतील का नाही याचा भरवसा नाही, म्हणून पुन्हा रक्त घ्यायला सांगितलंय म्हणाला. कस्तुराबाईंनी हात पुढं केला. त्यानं एकदा टोचलं, मिळालं नाही. दुसऱ्यांदा टोचलं. ती ओरडली नाही. पायाची बोटं तेवढी आखडली. मी ती बोटं बघत होतो. गुळाचा खडा गेला. तोंडात जे राहिलं त्याला नाव नाही.

तेवढ्यात बबिता लॅपटॉप घेऊन धापा टाकत आली. "सर, स्क्रीन सांगायलीय, लॅबची सेवा पुन्हा सुरू करा. याच्यानं दुसरं काही थांबणार न्हाई म्हणती. पण तुमी हे असं एका दमात कधी करत न्हाईत. आधी कायतरी करता. काय करता?"

"थांब. मी येतो."

उठून बसलो. सलाईनची नळी ताणली गेली, डोळ्यांपुढं अंधार. आश्रुबानं मागून धरलं नसतं तर फरशीवर गेलो असतो. "निजा बापू," म्हणाला, "त्या ताईला सांगा की तोंडानं."

सांगितलं. आधी रांग थांबवायची. स्क्रीनवर त्याचं बटण नाही, मीच होऊ दिलं नाही, म्हणून काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागेल. मी कमांड सांगितली. "मशीन नंबर सात."

तिनं लगेच टाइप केलं नाही. अर्पिताच्या स्क्रीनवर एक जागा आहे, मशीनचा नंबर घातला की ती थांबवल्यावर काय काय थांबेल ते दिसतं. तिनं तिथं सात घातलं आणि आलेलं दोनदा वाचलं.

"सर, सात?"

"सात म्हटलं ना."

"सात थांबवली तर पाची दवाखान्यातलं औषधाचं बंद पडायलंय."

आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. डोळ्यांपुढं सगळं तरंगत होतं, पण ती अक्षरं मोठी होती. मशीन सात. औषधं. पाच दवाखाने. मला वाचता आलं. माझी काळी स्क्रीन असती तर त्या तापात मला एक ओळ लागली नसती.

"सतरा," मी म्हणालो. "सतरा नंबर."

तिनं सतरा घातलं. "लॅबची रांग," तिनं वाचून दाखवलं.

"हां. तीच."

मग तिनं टाइप केलं. हात थरथरत होते. थरथरत्या हातांनीही काम होतं, हे मला आत्ता कळतंय. रांग थांबली, लॅबची सेवा सुरू झाली, रांग सोडली. सिस्टरच्या टेबलावरचा प्रिंटर कुरकुरत चालू झाला. दुपारी कस्तुराबाईंना रक्त लागलं.

व्यंकटराव जाताना म्हणाले, "वा सिद्धोधन, खाटेवरूनबी काम केलंस." 'साहेब' वॉर्डातच संपला.

माझ्या हातून सात बंद पडली असती. खोलीत मी एकटा असतो तर मला कुणी विचारलं असतं, सर, सात?

८ ऑक्टोबर

अर्पिताचा फोन. बबितानं सांगितलं असणार.

"सर, लॅबचं मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"विसरलात?"

"नाही."

चिडेल, रडेल, वर तक्रार करेल असं वाटलं होतं. म्हणाली, "असं अजून काय काय हाय?"

मी म्हणालो, घरी आलो की या. बबितालाही घेऊन या.

१३ ऑक्टोबर

तीन दिवस डोक्यातलं सगळं ओकतोय. औषधांच्या साठ्याच्या आधी काय, एक्स-रेची जागा भरली की काय, पाथरीची लाइन गेली की कुणाला फोन करायचा, लाइट जाऊन आल्यावर कोणती मशीन आधी आणि कोणती मुद्दाम उशिरा. माझ्या पलंगाशेजारी दोघी खुर्च्या टाकून बसतात. मी बोलतो, बबिता उलटं विचारते, अर्पिता पुठ्ठ्यावर काढते. मग मला दाखवते, मी म्हणतो चूक, ती खोडते.

बबिता काय काय विचारते. हिला हे आधीपासून माहीत होतं का, असं वाटण्याइतकं. मग मला इतके दिवस कळलं कसं नाही?

आज संध्याकाळी सांगायचं संपलं. दोघी गेल्या. डोकं हलकं झालंय, ते मला आवडत नाही. रिकाम्या पिंपासारखं वाजतंय.

१८ ऑक्टोबर

बैठक झाली. व्यंकटरावांनी कागद पुढं सरकवला. स्क्रीनमुळं मुख्य खोलीला आता एक माणूस पुरतो, तो म्हणजे बबिता, खाली तिची सही पाहिजे. मला सोनपेठच्या दवाखान्यावर पाठवतायत.

"आराम पडंल तुला. आजारातून उठलायस."

वाटोळं करायचं असलं की यांच्या तोंडात आराम येतो. घाम पुसायचा रुमाल काढला, ओठ पुसले, जणू आत्ताच जेवून उठलेत.

अर्पिता उभी राहिली. "ही स्क्रीन एका माणसाला दुसऱ्याची सोबत मिळावी म्हणून केलीय. एकाला घालवायला नाही. बबिता आजारी पडली की काय करणार?"

"तवाचं तवा बघू."

बबिता म्हणाली, "सोनपेठहून सरांना स्क्रीन दिसली पायजे. दिसती आन् चालवताबी येती, असं लिहून द्या. मगच मी सही करते." आवाज फाटला तिचा. पण सहीचं पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. व्यंकटरावांनी लिहून दिलं. द्यावंच लागलं, आता तिच्याशिवाय खोली कोण चालवणार.

अर्पिता बाहेर येऊन जिन्यात बसली. म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं नसतं तर हे तुम्हाला हलवू शकले नसते." मी म्हणालो, ठाऊक आहे. ती म्हणाली, मग? कस्तुराबाईच्या पायाची बोटं, एवढंच डोळ्यांपुढं आलं, ते काही उत्तर नव्हे.

नीलमला फोन केला, बदली झाली म्हणून. मला वाटलं हळहळेल. "कवा यायलाव?" एवढंच विचारलं.

३ नोव्हेंबर

सोनपेठ. कपाटातला एक खण मोकळा करून ठेवलाय तिनं. म्हणालो, एवढ्या लवकर कसा केलास? म्हणाली, तो रिकामाच असतो.

दवाखान्यात माझं टेबल पाण्याच्या मशीनशेजारी. चार कॉम्प्युटर आणि कागद खाणारा एक प्रिंटर. येणारा जाणारा मलाच विचारतो, डॉक्टर कुठं बसतात. मी दाखवतो. शिक्षा म्हणून ठीक आहे.

लेकीनं संध्याकाळी गणितं आणली. दोन तास. डोकं उठलं.

२१ नोव्हेंबर

दुपारी टेबलावरच्या स्क्रीनवर ओळ आली. 'मानवत: एक्स-रे डॉक्टरांना दिसत नाहीत.' तिच्याखाली लगेच दुसरी. 'बबिता पाहतेय.'

ही दुसरी ओळ अर्पितानं मागाहून घातली. एकाच कामात दोघांचे हात पडू नयेत म्हणून. बाजूला बटण असतं, 'मीही येतो.' माझा हात माउसवर होता. दाबलं नाही. बघत बसलो.

तिनं आधी एक्स-रेची भरलेली जागा रिकामी केली आणि मग सेवा थांबवून पुन्हा सुरू केली. मी आधी थांबवतो, मग रिकामी करतो. थांबवल्याशिवाय रिकामी करणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. दातओठ खात बघत होतो. थोड्या वेळानं ओळ नाहीशी झाली. मानवतला एक्स-रे दिसायला लागले.

मी फोन लावला. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. आधी थांबव, मग रिकामी कर, शंभरदा सांगितलंय.

"बोला सर."

मागं त्या खोलीतल्या एसीची घरघर ऐकू येत होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई अजून. तुमी?"

"मी जेवलो. डबा होता. तू जेव आधी."

फोन ठेवला. पद्धत चुकलीच होती तिची.